पाच मेचा आठवडा: ३४ खुर्च्या, एक तवा आणि पुएब्लाचा स्वयंपाकी

न्यू जर्सीत हडसन नदीच्या अलीकडे, एक लॉन्ड्री आणि एक फोनचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात आमच्या ओळखीच्या जोडप्याचं हॉटेल आहे. हॉटेल आपल्या अर्थानं, म्हणजे खायचं, राहायचं नव्हे. ३४ खुर्च्या, सोमवारी बंद. मिसळ, थालीपीठ, वडापाव, शनिवार-रविवारी थाळी, आणि अमराठी गिऱ्हाईक टिकावं म्हणून पनीर-नान. दादा वाईचे, वहिनी सांगलीच्या. मी त्यांचा हिशेब बघतो आणि त्या बदल्यात रविवारी फुकट जेवतो. २०२४च्या वसंतात त्यांनी मेक्सिकन खाण्याचा एक आठवडा केला. तो कसा झाला, कुठे फसला आणि शेवटी भांडण कशावरून झालं, ते हिशेबाच्या वहीसकट लिहून ठेवतो आहे.

कल्पना दादांची. गुढीपाडवा ९ एप्रिलला होऊन गेला, श्रीखंडाच्या ऑर्डरी संपल्या आणि संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मात्र ‘सिंको दे मायो’चे फलक लागत होते. सिंको दे मायो म्हणजे नुसतं ‘पाच मे’. अमेरिकेत या दिवशी मार्गारीटा ओतली जाते, बिअर वाहते आणि सोबत थोडं खाल्लंही जातं. दादा म्हणाले, “आपणही करू की. टाको, नाचोज, पोरांना टोप्या.” त्यांच्या मुलीनं त्याच रात्री फोनवरून गवती टोप्या आणि खोट्या मिशांचं पाकीट मागवलंसुद्धा.

पहिली अडचण दारूची. न्यू जर्सीत हॉटेलांचे दारूचे परवाने गावाच्या लोकसंख्येवर ठरतात, ३,००० रहिवाशांमागे एक. त्यामुळे परवान्याची किंमत छोट्या धंद्याच्या आवाक्यात राहत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी गिऱ्हाईकानं स्वतःची वाइन किंवा बिअर आणायची, टकीला नाही, आणि त्याबद्दल मालकानं एक पैसा आकारायचा नाही. म्हणजे शेजारचे बार ज्यावर कमावणार त्यात आमचा वाटा शून्य. दादांना मी हेच सांगितलं: दारू काढली तर त्या दिवशी इथे विकायला काय उरतं?

याचं उत्तर कांदा चिरत उभं होतं.

स्वयंपाकघरातला माणूस

तो नऊ वर्षं या स्वयंपाकघरात आहे. गाव मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यात, पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याशी. राहतो न्यू जर्सीतल्याच पॅसेइक शहरात. तिथे पुएब्लाची माणसं इतकी आहेत की काही गल्ल्यांत इंग्रजी पाटी शोधावी लागते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या हॉटेलांत इटालियन पास्ता असो की आपली डाळ, शिजवणारा हात बऱ्याचदा पुएब्लाचा असतो. हा थालीपीठ थापतो, कटाची तर्री ओळखतो, आणि सगळे म्हणतात म्हणून मालकिणीला ‘वहिनी’ म्हणतो. त्याच्या मराठीत क्रियापदं कमी, पण ‘बारीक’, ‘झालं’ आणि ‘नको’ यांवर त्याचं व्यवस्थित भागतं.

टाको-नाचोजची यादी वहिनींनी त्याला दाखवली. त्यानं ती वाचली, घडी केली आणि म्हणाला, “वहिनी, हे टेक्सास.” म्हणजे अमेरिकेतलं, त्याच्या गावचं नव्हे. मग त्याच्या इंग्रजीत त्यानं जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. पाच मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे. तो १६ सप्टेंबरला. पाच मे ही पुएब्लाची लढाई. बेनितो हुआरेसच्या सरकारनं १८६१मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, वसुलीसाठी तीन देशांची जहाजं आली, इंग्लंड आणि स्पेन तडजोड करून परतले, पण तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सला राज्यच हवं होतं. ५ मे १८६२ रोजी जनरल इग्नासियो सारागोसाच्या फौजेनं लोरेतो आणि ग्वादालुपे या टेकडीवरच्या किल्ल्यांच्या आधारानं फ्रेंचांना मागे ढकललं. विजय टिकला नाही. पुढच्याच वर्षी वेढा घालून फ्रेंचांनी पुएब्ला घेतलं आणि १८६४मध्ये माक्सिमिलियान या ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला सम्राट म्हणून बसवलं. तो १८६७मध्ये गोळ्या घालून मारला गेला ती गोष्ट वेगळी. मेक्सिकोत या दिवसाचा खरा गाजावाजा पुएब्लातच असतो, तिथे मोठं संचलन निघतं. अमेरिकेत तो आधी कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी पाळला, एकोणिसशे साठच्या दशकात चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांच्या, चळवळीनं उचलला आणि ऐंशीच्या दशकात बिअर कंपन्यांनी.

“मग तू काय करशील?” वहिनींनी विचारलं.

“मोले.” म्हणजे सुक्या मिरच्यांच्या वाटणाचा त्यांच्याकडचा दाट रस्सा.

टोप्यांबद्दल तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ते पाकीट कोठीत, तांदळाच्या पोत्यामागे होतं. कोणी ठेवलं ते मी विचारलं नाही.

यादी ठरताना

ठरलं असं: मंगळवार ३० एप्रिल ते रविवार ५ मे, सहा दिवस, खाणं फक्त पुएब्लाचं. नेहमीच्या पदार्थांपैकी मिसळ, थालीपीठ, वडापाव आणि थाळी चालू राहणार.

दादांनी कुठेतरी हिरवी मिरची, पांढरा रस्सा आणि वर डाळिंबाचे दाणे असा देखणा फोटो पाहिला होता. चिलेस एन नोगादा. पुएब्लाचाच पदार्थ, शिवाय झेंड्याचे तिन्ही रंग. स्वयंपाकी ठाम नाही म्हणाला. त्याला ताजे अक्रोड लागतात, डाळिंब लागतं. तो ऑगस्ट-सप्टेंबरचा पदार्थ. दादांनी दुकानात वर्षभर मिळणाऱ्या अक्रोडांचा मुद्दा काढला. तेव्हा वहिनीच म्हणाल्या, “मे महिन्यात हुरडा मागण्यातली गत आहे ही. सोडा.” मला हा आठवड्यातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, आणि तो घेण्यात माझा काही हात नव्हता.

डुकराचं मांस या स्वयंपाकघरात येत नाही, त्यामुळे पुएब्लाचे प्रसिद्ध ताको आराबे गळाले. हे मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांनी उभ्या सळईवर मांस भाजून सुरू केले, म्हणजे शावर्माचे चुलतभाऊच. सेमिता नावाचं तीळ लावलेलं बनसँडविच होतं, पण तसा पाव रोज आणणार कोण? तेही गळालं. चालुपा मात्र राहिल्या: छोट्या टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, परतायच्या, वर लाल किंवा हिरवा साल्सा, कांदा, कोंबडीचे धागे. मूळ कृतीत त्या डुकराच्या चरबीत परततात. आमची अर्धी गिऱ्हाइकं शाकाहारी, त्यातली काही जैन. तेल वापरायचं ठरलं तेव्हा त्यानं मान्य केलं, पण एका अटीवर: मग नुसतं ‘चालुपा’ लिहायचं नाही. यादीवर ‘तेलातल्या चालुपा’ असंच छापलं. गिऱ्हाइकांना ते नाव आवडलं, का ते देव जाणे.

पाण्यांची यादी आपोआप जमली. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांचं आंबट सरबत, तामारिंदो म्हणजे चिंचेचं, ओर्चाता म्हणजे भिजवलेल्या तांदळाचं दालचिनी घातलेलं. चिंच समुद्रमार्गे तिकडे गेली आणि मिरची तिकडून पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली. आपण मिरचीशिवाय काय खात होतो ही कल्पना मला अजून नीट करता येत नाही.

नाचोजवरून माझा आणि दादांचा वाद झाला. माझं म्हणणं, सरहद्दीवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासियो आनाया नावाच्या माणसानं अचानक आलेल्या गिऱ्हाइकांसाठी केलेला तो पदार्थ, पुएब्लाशी त्याचा काय संबंध? दादा म्हणाले, “आईबाप मोले खातील, पोरं काय खातील?” नाचोज यादीत राहिले. दादांचं बरोबर होतं हे बुधवारपर्यंत कळलं.

सोमवारचा ठसका

२९ एप्रिलला हॉटेल बंद होतं. त्या दिवशी मोले झालं.

मोले हा शब्द नावात्ल भाषेतल्या ‘मोल्ली’वरून आला, म्हणजे रस्सा किंवा वाटण. पुएब्लाच्या सांता रोसा मठातल्या एका जोगिणीनं ते पहिल्यांदा केलं अशी दंतकथा तिथे सांगतात. आमच्याकडे दीड किलो सुकी मिरची होती: मुलातो, आंचो, पासिया. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची. तिखट कमी, रंग आणि गोडसरपणा जास्त, आपल्या ब्याडगीच्या स्वभावाची. देठ-बिया काढून ती तेलात जेमतेम काही सेकंद परतायची. क्षणभर जास्त झालं की पूर्ण पातेलं कडू. मग तीळ, बदाम, शेंगदाणे, बेदाणे, पिकलेलं राजेळी केळं, करपलेली टॉर्टिया, पावाचा तुकडा, लवंग, दालचिनी, मिरे, धने, बडीशेपेचा भाऊ अनीस, भाजलेला टोमॅटो, कांदा, लसूण. शेवटी थोडं चॉकलेट. चॉकलेटवरून लोकांना वाटतं हा गोड पदार्थ असेल. आपण आमटीत गूळ घालतो म्हणून ती खीर होते का?

मिरची परतायला लागल्यावर मागचं दार उघडूनही सगळे खोकत होते. वहिनींची आई सांगलीहून आलेली होती, ती पदर नाकाला लावून आत आली, पाट्यावरच्या तिळांकडे पाहिलं, करपवलेल्या लवंग-दालचिनीचा वास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा काळा मसालाच करतोय की! खोबरं विसरला.” तिनं खरंच अर्धी वाटी खोबऱ्याची पुढे केली. त्यानं हात जोडून नको म्हटलं.

मिक्सरच्या चार भांड्यांनंतर इडलीचा ओला ग्राइंडर कामाला आला. मोल्याचं वाटण त्यात झकास झालं. त्यामुळे हुरूप येऊन त्यानं निश्तमालचाही, म्हणजे टॉर्टियाच्या पिठासाठी चुन्यात शिजवलेल्या मक्याचाही, प्रयत्न केला. सुका मका, १ किलोला साधारण १० ग्रॅम खायचा चुना, उकळून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन वाटायचा. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपनं मका नेला पण चुना नेला नाही, आणि मग मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत त्याच्या अभावानं होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. आपल्या मक्याच्या भाकरीला भेगा जातात आणि टॉर्टिया कागदासारखी दुमडते, त्याचंही कारण हेच. पण इडलीच्या ग्राइंडरला फिरायला पाणी लागतं, आणि तेवढं पाणी घातल्यावर ते पीठ टॉर्टियाचं राहिलं नाही, आंबोळीचं झालं. शेवटी पॅसेइकहून तयार ओलं पीठ आणायचं ठरलं. त्या पिठाला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. दादांनी हौसेनं दारावर मराठीत ‘रोज ताजा मासा’ लिहिलं, आणि मंगळवारी दुपारी एक गृहस्थ सुरमई आहे का विचारून गेले. पाटी संध्याकाळपर्यंत उतरली.

तवा

मंगळवारी ४१ माणसं आली. बुधवारी, १ मेला, महाराष्ट्र दिनाचं निमित्त धरून मंडळातली बरीच कुटुंबं आली आणि आम्ही आडवे झालो.

चूक साधी होती. टॉर्टिया हातप्रेसवर दाबायला एक माणूस, मिनिटाला दोन. म्हणजे तासाला १२०, तेही तो दुसरं काही करत नसेल तर. माणशी तीन धरल्या तर तासाला चाळीसच माणसं. आणि तवा एकच, त्यावर थालीपीठही लागत होतं. ते आम्ही यादीतून काढलंच नव्हतं, कारण महाराष्ट्र दिनाला थालीपीठ नाही म्हणजे काय! साडेसातला बाहेर रांग, आत तव्याच्या डाव्या बाजूला थालीपिठं, उजवीकडे टॉर्टिया, आणि मध्ये स्वयंपाकी नि त्याचा मदतनीस एकमेकांना स्पॅनिशमध्ये काहीतरी सुनावत होते. एका टेबलाला मोले गेलं, टॉर्टिया वीस मिनिटांनी गेल्या. तोवर त्या बाईंनी मोले पावाबरोबर संपवलं होतं. वडापावच्या पावाबरोबर. त्या म्हणाल्या छान लागलं, पण हा चांगुलपणा झाला. दोन कुटुंबं न जेवता गेली. पोरं शांत राहिली ती नाचोजमुळे, कारण ते तव्यावर येत नाहीत.

त्या रात्री अकराला बसून तीन गोष्टी बदलल्या. थालीपीठ रविवारपर्यंत बंद. चालुपांच्या टॉर्टिया दुपारीच भाजून ठेवायच्या, त्या परत तेलात जाणारच असतात. आणि शाकाहारी मोले सुट्ट्या टॉर्टियांबरोबर देण्याऐवजी एन्मोलादा म्हणून द्यायचं: टॉर्टिया मोल्यात बुडवायच्या, आत बटाटा किंवा चीज, वर तीळ. त्यालाही दुपारच्या टॉर्टिया चालतात. हे मोले मुळात कोंबडीच्या पाण्यात सैल करतात. आमच्याकडे सोमवारीच वाटण कोरडसर ठेवून शाकाहारी भाग भाज्यांच्या पाण्यात वेगळा केला होता. यात शेंगदाणे, बदाम, तीळ आणि गहू असे चार अॅलर्जीचे जिन्नस एका वाटीत. तीळ तर अमेरिकेत २०२३पासून प्रमुख अॅलर्जींच्या यादीत नववा म्हणून आला. गुरुवारपासून वाढणाऱ्या मुलीनं प्रत्येक टेबलाला हे आधी तोंडी सांगायचं, असं वहिनींनी बजावलं.

शुक्रवारी सत्तरच्या आसपास पानं झाली आणि कोणी ओरडलं नाही.

वही

आता पैशांचं. मोल्याचं ताट १६ डॉलरला लावलं होतं. जिनसांचा खर्च ताटामागे ४ डॉलर ६० सेंट, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत. दादा खूश. मी बुधवारी पगाराचे तास मांडले तेव्हा खुशी गेली. सोमवारी स्वयंपाकी आणि मदतनीस प्रत्येकी नऊ तास राबले होते. आठवड्याचे चाळीस तास त्यांचे एरवीच भरतात, म्हणजे हे नऊ तास दीडपटीचे: स्वयंपाक्याला तासाला ३० डॉलर, मदतनिसाला २४. एकूण ४८६. सोमवारच्या १२ लिटर मोल्यात ६५ ताटं निघाली. ताटामागे जवळजवळ साडेसात डॉलर नुसती मजुरी, आणि ही आम्ही धरलीच नव्हती. भाडं, गॅस, वाढणाऱ्यांचा पगार पुढेच.

गुरुवारी दुपारी दुसरं पातेलं पाच तासांत झालं, कारण मिरच्या आदल्या रात्रीच साफ करून ठेवल्या आणि ग्राइंडरचा अंदाज आला होता. तरी दोन्ही मिळून १३० ताटांवर मजुरी पावणेसहाच्या वर राहिली. शुक्रवारपासून ताट १८ डॉलर केलं. कोणी कुरकुरलं नाही. मग पहिल्याच दिवशी का नाही केलं? कारण मोल्याकडे आम्ही ‘रस्सा’ म्हणून पाहिलं. दिवसभर राबून केलेल्या पुरणपोळीला कोणी वरणाचा भाव लावत नाही.

खरा फायदा पाण्यांनी दिला. हामाइकाच्या पेल्याला खर्च नगण्य, आणि ज्या टेबलावर बिअर आणलेली असायची तिथेही ते जायचं. दारूच्या परवान्याचं रडगाणं मी त्या आठवड्यापुरतं थांबवलं.

दुसरा मुद्दा मीच काढला आणि तो दादांना टोचला. पदार्थ त्याचे, चव त्याची, चूक पकडणाराही तोच. त्याला पगाराखेरीज काय? दादा म्हणाले, ओव्हरटाइम दिलाय की. मी म्हटलं, तो कायद्यानं द्यावाच लागतो. मोल्याच्या ताटामागे एक डॉलर त्याचा, असं मी सुचवलं. दादा गप्प. वहिनींनी त्याच रात्री १३० डॉलर पाकिटात घातले.

यादीच्या पाठीमागे मी चार ओळी छापल्या होत्या. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी हिंदुस्थानातून पळवलेली एक मुलगी कोचीन, मनिला असं करत गुलाम म्हणून पुएब्लाला पोचली. कातारिना दे सान हुआन हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. ती १६८८मध्ये तिथेच वारली, जवळजवळ संत मानली जात होती. ‘चिना पोब्लाना’ हा झगमगता मेक्सिकन पोशाख तिच्या नावाशी जोडतात. इतिहासकारांना ते पटत नाही. स्वयंपाक्याला ही गोष्ट नवी नव्हती. “शाळेत मुली नाचायच्या तो घालून. बाई तुमच्याकडची, वहिनी,” तो म्हणाला. “नऊ वर्षांत बोलला नाहीस!” “कोणी विचारलं नाही.”

दहा मे

रविवारी पाच मेला रात्री दहापर्यंत मोले संपलं. दादा रंगात आले होते. म्हणाले, आठवडा वाढवू, पुढचा रविवारही घेऊ. १२ मे अमेरिकेतला मदर्स डे, त्या दिवशी हॉटेलं ओसंडतात.

स्वयंपाकी म्हणाला, “नको.” आणि वर म्हणाला, शुक्रवारी १० तारखेला मला सुट्टी हवी.

मेक्सिकोत आईचा दिवस वारावर जात नाही, तो कायम १० मे. त्याची आई गावाला. इथे त्याच्या बायकोची आई पॅसेइकमध्ये, तिच्याकडे सगळे जमतात. पाच मेला त्यानं एकदाही सुट्टी मागितली नव्हती, दहा मेला दरवर्षी मागतो, आणि दरवर्षी सहज मिळते. पण २०२४मध्ये १० मेला अक्षय्य तृतीया होती. आमरस-पुरीच्या साठ डब्यांची ऑर्डर घेतलेली होती, आणि पुऱ्या तळतो तोच.

दादांचा आवाज चढला. आठवडाभर तुझंच कौतुक केलं, वगैरे. हे म्हणायला नको होतं. तो काही बोलला नाही, फक्त अॅप्रन काढून खुंटीला लावला आणि नेहमीपेक्षा नीट घडी पाडली. वहिनी काउंटरमागून बाहेर आल्या. “तू जा. पुऱ्या मी तळते.” दादांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

शुक्रवारी पहाटे पाचला वहिनी, त्यांची आई आणि मी असे तिघे तिथे होतो. मी लाटल्या, फुगल्या निम्म्याच. साठ डबे साडेअकराला गेले, अर्धा तास उशिरा.

शनिवारी तो डबा घेऊन आला. घरचं मोले, टर्कीवर घातलेलं, म्हणजे असावं तसं. दादांनी उभ्याउभ्या खाल्लं, दुसऱ्यांदा घेतलं, आणि फोनवर पुढच्या वर्षीचं पंचांग उघडून त्याच्यासमोर धरलं. २०२५ची अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला, बुधवारी. म्हणजे आठवडा पुन्हा केला तर पुऱ्या नेमक्या मोल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि स्वयंपाकी एकच. दहा मे मोकळा. त्यानं बोट सरकवत पाच मे शोधला. सोमवार होता, हॉटेल बंद. तो दिसल्यावर रविवारपासून पहिल्यांदाच तो हसला.